उल्हासकाठची शेते आणि लेखी हरकत

राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. मधल्या खोऱ्यात आपली अंबरनाथ-बदलापूरची वस्ती, मुखाशी वसई. एकाच पाण्याच्या या दोन प्रदेशांचा अलीकडचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे, असे मला वाटते.

वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या काळातले, इ. स. १०६० चे. त्याच्या भोवती शतकानुशतके भातशेतीची गावे नांदली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तेथेच सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. घरदार गमावून आलेल्यांना जागा देण्यास त्या वेळी कोणी आडकाठी घेतली असती, तर ती माणुसकीला धरून झाली नसती. परंतु ज्यांच्या जमिनी युद्धकाळात गेल्या त्यांची व्यथाही खरी होती. नेवाळीच्या विमानतळासाठी तेव्हा घेतलेल्या जमिनींवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, त्याचे मूळ पाऊणशे वर्षांपूर्वीचे आहे.

बदलापूरची गोष्ट निराळी. येथे शासनाने कोणास आणून वसविले नाही. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसे आपण होऊन आली. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे याच वाटेने आली आहेत. म्हणून इमारतींविरुद्ध लिहिताना सावध राहिले पाहिजे. घराची गरज खोटी नाही. प्रश्न एवढाच, की ते घर नदीच्या अंथरुणात बांधावे काय?

वसईत हा प्रश्न आधी विचारला गेला. निर्मळ, गास, आगाशी, सांडोर या जुन्या गावांच्या केळीच्या बागा, पानमळे आणि फुलवाड्या विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभ्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील हरित पट्ट्यातील हजारो हेक्टर जमीन बांधकामास खुली करण्यात आली आणि १९९० मध्ये नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. टँकर भरण्यासाठी उपसा वाढला, तसे विहिरींत खारे पाणी चढू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’चे संपादक असलेल्या या धर्मगुरूंना धमक्या आल्या, ‘पाद्रीबुवांनी देऊळ सांभाळावे’ असा उपदेश करणारेही भेटलेच असतील! नाबोथाच्या मळ्याची कथा मात्र देवळातच वाचली जाते, आणि त्या कथेतील अहाब राजाने निदान आधी मोल तरी देऊ केले होते.

या लढ्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मोर्चा नव्हे, कागद आहे. मुंबई महानगर प्रदेशाचा २०१६ ते २०३६ या काळाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा वसईकरांनी हजारोंनी लेखी हरकती दाखल केल्या. आणि त्याच आराखड्यात अंबरनाथ व बदलापूरही होते! असा आराखडा निघाला की हरकती-सूचनांची मुदत दिलेली असते. गट क्रमांक, जमिनीचा सध्याचा वापर, ओढ्याची जागा आणि आपले कारण एवढे लिहून पोच घ्यावी. त्यास वकील लागत नाही. सदनिकेत राहणाऱ्यानेही ती द्यावी, केवळ शेतकऱ्याने नव्हे.

कारण पाणी दोघांकडेही येते. २६ जुलै २००५ चा पूर बदलापुरात तळमजल्यावर राहिलेल्यांना सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान सुमारे हजार प्रवाशांसह पुरात अडकली. त्यांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. भोवती अजून शेतेच होती. पाण्याला पसरावयास तेवढी तरी जागा होती.