येरळेची वाळू आणि गिरणीतून परतलेली पोरं

खानापूर म्हटले की आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे कणकुंबीचा पाऊस, मलप्रभेचा उगम आणि लोंढ्याकडचे रान उभे राहते. सांगली जिल्ह्यातही एक खानापूर तालुका आहे. नाव तेच, नशीब मात्र उलटे. विट्याभोवतीचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर पसरले ते याच भागातून. त्यांना घराबाहेर काढले ते दुष्काळानेच. इथली येरळा नदी ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा पुढे आपल्या अथणी-रायबागकडे येते. म्हणजे हे शेजारी आपल्या पाण्यातलेच.

ज्यांच्या हाती गलाईची कला नव्हती, त्यांची पोरे मुंबईच्या गिरण्यांत जात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप लांबला, खोल्यांची भाडी थकली आणि ही तरुण मंडळी वळकटी घेऊन गावाकडे परतली. गावात होता दुष्काळ आणि रोजगार हमीचे काम. काम कसले, तर खडी फोडण्याचे. वर्षानुवर्षे खडी फोडूनही पुढच्या उन्हाळ्यात विहीर कोरडी ती कोरडीच.

पण गिरणीतून परतलेली ही पोरे सभा भरवायला आणि साहेबाला प्रश्न विचारायला शिकून आली होती. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि ही मंडळी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिची मागणी साधी होती. मजुरी द्याच, पण कायमचा दुष्काळ हटेल असे काम द्या. आम्हाला विशेष वाटते ते पुढचे. नुसता मोर्चा काढून ही मंडळी थांबली नाहीत. गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाठून पूर्वी पाऊस कसा होता, कुठली पिके घेत, विहिरींना पाणी किती हाताला लागे, हे त्यांनी विचारून घेतले. कॉलेजची मुले सोबतीला आली, विज्ञान जत्रा भरल्या. ज्याला आपण नशीब म्हणत होतो त्याचा हिशेब मांडता येतो, हे गावाला उमगले.

त्या हिशेबात येरळेची वाळू सापडली. ठेकेदार ती ट्रक भरभरून नेत होते. पात्रातली वाळू म्हणजे नदीचा रांजणच, ती गेली की काठच्या विहिरी आटतात. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवले की वाळू ठेकेदाराला द्यायची नाही. त्यातली थोडी आपणच विकायची आणि त्या पैशांतून आपले धरण बांधायचे. सरकारदरबारी हे पटणे कठीणच होते. परवानगीसाठी मोर्चे काढावे लागले, हेलपाटे घालावे लागले. शेवटी अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांचे साहाय्य आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे श्रमदान यांच्या बळावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात धरण उभे राहिले. नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण. पाडव्याला ओवाळताना आपल्या आयाबहिणी ज्याचे राज्य मागतात, तोच हा बळी.

धरण बांधण्यापेक्षा अवघड होते ते पाणी वाटणे. आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याची बागायत मोठी, त्याचा पाट मोठा. इथे मात्र दोन्ही गावांतल्या प्रत्येक घराला सारखा वाटा द्यायचे ठरले, आणि भूमिहीनांनाही. ज्याला जमीन नाही त्याने पाणी घेऊन काय करायचे, असे कुणीही विचारील. उत्तर असे की त्याने आपला वाटा घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने कसावी. म्हणजे शेतमालकाच्या दारात तो रिकाम्या हाताने उभा राहत नाही. उसासारख्या तहानलेल्या पिकाला या हिशेबात जागा नव्हती. शेजारच्या कृष्णाकाठी ऊसच लक्ष्मी मानला जात असताना हे कबूल करणे किती जड गेले असेल, ते अथणी-चिकोडीकडे शेती असलेल्या आमच्या वाचकांना सांगायला नको.

सगळे गोडीगुलाबीने झाले असेल असे आम्ही मानत नाही. भाऊबंदकीच्या गावात पाण्याची पाळी हा भांडणाचाच विषय. पण समान पाण्याची ही मागणी त्या दोन गावांपुरती राहिली नाही. १९९३ पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या. प्रतिसरकारच्या लढ्यातले म्हातारे आणि संपातून परतलेले आता चाळिशीकडे झुकलेले गिरणी कामगार तिथे एकाच मांडवात बसले, आणि बोलणे सुरू झाले ते कृष्णेच्या पाण्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या वाट्याचे.