लाखामागे सात

घड्याळ जितकं महाग, तितकी त्याची चूक माफ! १७६१ साली इंग्लंडच्या जॉन हॅरिसनचं घड्याळ बोटीनं जमैकाला निघालं. रोजची ठरलेली चाल वजा जाता ८१ दिवसांत मागे पडलं जेमतेम ५ सेकंद. पण बेटं गेलं होतं पेटीत, मऊ गादीवर निजून! मनगटावर हे सुख कुठलं? हात हलतो, ऊन लागतं, चुंबक जवळ आलं की चाल बिघडते.

म्हणून १९७३ साली स्थापन झालेली एक स्विस संस्था घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत, ३ तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढं चालतं. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेकोनं काढलेलं क्वार्ट्झ महिन्याला ५ च सेकंद चुकायचं. किंमत मोटारीएवढी! आज तसलं घड्याळ फुटपाथवर मिळतं आणि बहुधा लाखाच्या घड्याळाहून चोख चालतं.

तरी हिशेब करा : दिवसाचे सेकंद ८६,४००, चूक ६ ची. म्हणजे लाखामागे सात. तेही बॅटरीशिवाय, निव्वळ स्प्रिंग नि चाकांच्या जोरावर! लाखामागे सात रुपये कमी भरले, तर आमच्या कॅशियरला मेमो मिळतो. घड्याळाला मिळतं सर्टिफिकेट.