मूठभर धान्यातून उभ्या राहिलेल्या संस्था



श्री भैरवनाथाच्या कृपेने आणि आपणां सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. कळस चढला, पायऱ्या नव्या झाल्या, ओवरी पक्की झाली. या शुभप्रसंगी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा समितीने आग्रह धरला. मी इतिहासकार नव्हे. एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीत कागद सांभाळणारा कारकून. तथापि आपल्या सातारा जिल्ह्यात लोकांच्या वर्गणीवर संस्था कशा उभ्या राहिल्या, हे आजच्या दिवशी आठवणे उचित ठरेल असे वाटते.

माझी आजी सांगत असे, की तिची आई पहाटे जात्यावर बसण्यापूर्वी दळणातील एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकी. कोणासाठी, असे विचारले तर म्हणे, "शिकणाऱ्या पोरांसाठी." हाच तो मुष्टिफंड. ज्या घरी रुपया नव्हता, त्या घरालाही देणगीदार होण्याचा मान या मुठीने दिला.

ही मूठ मागणारे महापुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. पाणी भरणे, स्वयंपाक, शेतातील कष्ट ही सारी कामे मुलेच करीत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

मुलांच्या मुखी घास घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचा वटवृक्ष आज सर्वांना दिसतो, परंतु त्याच्या मुळाशी या माउलीचे सौभाग्यलेणे आहे, हे आपल्या भगिनींनी विसरू नये.

संस्थेने पुढे खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढल्या. शाळेला इमारत कोठून आणणार? तेव्हा कोठे चावडीत, कोठे धर्मशाळेत, तर कोठे देवळात पाट्या-पेन्सिली आल्या. ज्या ओवरीत रात्री भजन, त्याच ओवरीत दिवसा बाराखडी. देवाला त्याची अडचण झाल्याचे ऐकिवात नाही! १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

संस्थेवर संकटेही आली. १९४८ च्या सुमारास सरकारी अनुदान थांबले. अशा वेळी अंगावर चिंध्यांची गोधडी व हाती खराटा घेतलेले संत गाडगेबाबा पुढे झाले. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला व अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजास रयत संस्थेने सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोकांनी दिलेले लोकांच्याच कामी लावावे व आपण झाडू घेऊन पुढच्या गावी जावे, ही बाबांची रीत होती.

परंतु केवळ त्यागाने संस्था टिकत नाहीत. त्यांना कागदही लागतो. यासाठी १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. आता त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले आहे. देवस्थान असो वा शिक्षणसंस्था, तिची नोंद धर्मादाय कचेरीत व्हावी, हिशेब दरसाल तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा, स्थावर मिळकत परवानगीशिवाय विकू नये, असा हा कायदा सांगतो. जमिनीला जसा सातबारा, तसा संस्थेला परिशिष्ट एकचा उतारा.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या लहानपणी याच देवळाच्या ओवरीत गावातील तरुणांनी वाचनालय काढले होते. रीतसर नोंदणी होती, बँकेत थोडी शिल्लकही होती. कालांतराने दोघे विश्वस्त वारले, एक कायमचे मुंबईस गेले. बदल अर्ज कोणी दिला नाही. पुढे कपाटास वाळवी लागली तेव्हा पैसे काढावयास गेलो, तर सही कोणाची चालावी हाच प्रश्न! कागदोपत्री संस्था दिवंगतांच्या हाती होती. पुस्तके मातीमोल झाली. कोणी पैसा खाल्ला नाही, कोणी भांडले नाही, तरी संस्था बुडाली. मी स्वतः सभासद, दिवसभर लोकांचे कागद पाहणारा. परंतु आपल्याच गावचा कागद पाहण्याचे मला सुचले नाही. ती रुखरुख आजही आहे.

म्हणून समितीस नम्र विनंती, की या जीर्णोद्धाराचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावावा, विश्वस्तांची नोंद अद्ययावत ठेवावी, आणि नव्या ओवरीची एक खोली गावातील मुलामुलींच्या अभ्यासासाठी दिव्याबत्तीसह राखून ठेवावी. दगडांचा जीर्णोद्धार झाला. त्या बुडालेल्या वाचनालयाचाही होऊ द्या. पहिली पाच पुस्तके व कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे लागली.

आपणां सर्वांस अशी मूठ बाजूला ठेवण्याची बुद्धी होवो, हीच श्री भैरवनाथाचरणी प्रार्थना. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला नम्र,
तालुका कचेरीतील एक ग्रामस्थ