रुखवतापुढचा सवाल-जवाब

मंडळी, अझरबैजानात लग्नाला ‘आशिक’ बोलावतात. आशिक म्हणजे तिकडचा शाहीरच समजा. हातात ‘साज’ नावाचं तंतुवाद्य, आणि कवन जागच्या जागी रचायचं. दोन आशिक समोरासमोर आले की एकाने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने कवनातूनच सोडवायचं. हरणाऱ्याने साज जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा, असा जुना रिवाज सांगतात. २००९ साली युनेस्कोच्या यादीत ही कला गेली.

आष्टीत बसून हे ऐकलं की आपल्याला कलगी-तुरा आठवतो. तुरेवाला शिवाच्या बाजूने, कलगीवाला शक्तीच्या. डफ-तुणतुण्यावर भेदिक सवाल पडला की जवाब द्यावाच लागतो. झीलकऱ्यांनी ‘जी जी’ लांबवलं की शाहिराला तेवढीच उसंत. कबूल मात्र कुणी करणार नाही! पण हा सामना मुख्यतः जत्रेतला, उत्सवातला.

लग्नातला सामना आपल्याकडे बायकांचा. उखाणा म्हणजे आज आपण नाव घेणं एवढंच समजतो. या शब्दाचा दुसरा अर्थ कोडं असाच आहे. रुखवतापुढे दोन्ही पक्षांच्या बायका एकमेकींना उखाणे घालत, विहिणींच्या पंगतीत गाण्यातून टोमणे मारत. तेच नुसतं बोलून दाखवलं असतं तर भांडण झालं असतं. गाण्यात आलं म्हणून थट्टा. एरवी ज्या सुनेला वर मान करून बोलायची मुभा नसे, तिलाही त्या दिवशी तोंड उघडता येई.

आता इतिहासाची अडचण बघा. राम जोशी, अनंत फंदी, परशराम, होनाजी बाळा, प्रभाकर यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, रचनाही छापील मिळतात. रुखवतापुढे जिंकलेल्या एका बाईचं नाव आम्हाला सांगता येत नाही. बायकांचं सगळंच हरवलं असं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखभर ओव्या जमल्या. पण ओवी रोज पहाटे पुन्हा म्हटली जाई. तोंडावर दिलेलं उत्तर एकदाच येतं. उखाण्यांची पुस्तकं आज ढीगभर मिळतात, त्यात समोरचीचा जवाब नसतो.

अझरबैजानात १९व्या शतकातल्या आशिक परीचं नाव टिकलं. ती पुरुष कवींशी सामने करायची.

घरी आजी असतील तर त्यांना नुसता उखाणा विचारू नका. समोरची काय म्हणाली होती, आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात, तेही विचारा. आणि लिहून घ्या.