ट्रान्सलेशनल कर्करोग संशोधन

प्रयोगशाळेत लागलेला शोध रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणे आणि रुग्णशय्येवर निर्माण झालेला प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत आणणे, अशा दुहेरी संशोधनास ट्रान्सलेशनल कर्करोग संशोधन म्हणतात. मूलभूत शास्त्रज्ञास येथे केवळ प्रयोगकौशल्य पुरत नाही. रुग्णांच्या ऊतींचे नमुने, नैतिकता समितीची मंजुरी आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचा नित्य सहवास लागतो. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर (नवी मुंबई) येथील अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत प्रयोगशाळा व रुग्णालय एकाच आवारात आहेत. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत विकसित झालेला कार-टी पेशी उपचार जून २०२१ मध्ये प्रथम येथेच रुग्णास देण्यात आला. यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारास केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली.