नोंद रुग्णाची, ताबा कुणाचा?

रुग्णाची माहिती आरोग्य खात्याने कल्याणकारी योजनांना द्यावी की नाही, यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, गोपनीयता राखा. दुसरा म्हणतो, लाभ हवा तर माहिती द्या. आम्हाला हा वादच अर्धवट वाटतो. माहिती कुणाकडे गेली, कशासाठी गेली आणि रुग्णाला विचारून गेली का, हे खरे प्रश्न आहेत.

१९८९ चा गोवा आठवा. डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे तरुण. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि ती माहिती पोलिसांपर्यंत गेली. सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना ६४ दिवस एकटे डांबून ठेवले गेले. आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सुटका झाली, पण रुग्णाला वेगळे ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैधच ठरवली. १९९२ मध्ये डॉमिनिक गेले.

इथे नोंद दवाखान्याबाहेर पडली. पण समुपदेशन, रोजगार, निवारा देणाऱ्या कुणाकडेही गेली नाही. गेली ती पोलिसांकडे. माणसाला वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

डिसोझा कुटुंबाच्या आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या लढ्यानंतर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला. कायद्यातील मोजके अपवाद सोडले, तर संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

आता क्षयरोग पाहा. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. २०१८ पासून निक्षय पोर्टलवरील त्याच नोंदीवरून पोषण आहारासाठी दरमहा ५०० रुपये बँक खात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. म्हणजे नोंद पोलिसांकडे न जाता ताटापर्यंतही जाऊ शकते. म्हणूनच माहिती देऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याला नुसती गोपनीयता पोसत नाही.

पण ज्याचे बँक खातेच नाही, त्याची नोंद सरकारकडे जाते आणि पैसे मात्र अडतात. घरी चौकशीला आलेल्या माणसाने दारातच आजाराचे नाव घेतले, तर चाळीत पाण्याच्या नळावर रांग बदलते. जात आधीच ठाऊक असलेल्या वस्तीत आजारही ठाऊक झाला, की बहिष्कार दुहेरी होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, आरोग्य केंद्रात सही किंवा अंगठा देण्याआधी तीन प्रश्न विचारायला लोकांना शिकवा : ही माहिती कुणाला देणार? कशासाठी देणार? मी नाही म्हटले तर उपचार थांबणार का? संविधानाचे कलम २१ जगण्याची प्रतिष्ठा देते, कलम ४७ पोषणाची जबाबदारी राज्यावर टाकते. एकाच्या बदल्यात दुसरे मागण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जय भीम!