पाभरीपासून तेलाच्या नळीपर्यंत

पुण्याजवळच्या देहूरोडच्या पश्चिमेस मावळात भाताची लावणी होई, तर पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात पाभर, म्हणजे चाड्यातून नळ्यांवाटे अनेक ओळींत बी सोडणारे लाकडी अवजार, चाले. पेरणीची खोली पेरणाऱ्याच्या हातावर ठरे. 1936च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरने अवजार तेलाच्या दाबाने उचलण्याची हायड्रॉलिक रचना बाजारात आणली आणि पुढे खोली राखण्याचे कसब हातातून नळीतल्या तेलाकडे गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून नळीत बुडबुडे अडकले की पेरणीयंत्र धक्के देत उचलले जाते. टाकीत तेल पुरेसे ठेवून यंत्र अनेकदा पूर्ण वर-खाली केले, की बहुतेक हवा टाकीत परतते. दाबाखालची नळी सैल करणे मात्र धोक्याचे, कारण तेलाची बारीक धारही कातडीत घुसते.